यामिनी माझ्यावरून उठत नाही

मी पत्र्याची पेटी बोलतेय. आश्रमशाळेतल्या पोरांकडे असते तशी, कडी-कुलपाची. धडगावच्या बाजारातून जालमसिंगने मला आणलं आणि आपल्या दोन्ही बहिणींना मिळून दिलं. झाकणावर त्याने रंगाने नावं काढून घेतली, रंजिता आणि यामिनी. त्याला धड वाचता येत नव्हतं, तरी वाळलेल्या अक्षरांवरून तो बोट फिरवत राहिला.

शाळेत मी दोघींच्या उशाशी असायचे. पोटात एक साबण, तेलाची बाटली, दोघींचा मिळून एक कंगवा. घंटा झाली की रंजिता धाकटीला गुदगुल्या करून उठवायची.

पावसाळ्यात रंजिताला ताप भरला. एका सकाळी घंटा झाली आणि यामिनीच आधी जागी झाली. ताईला झोपू दे, म्हणून तिने तिच्या अंगावर गोधडी ओढली आणि ती प्रार्थनेला गेली. परत आली तेव्हा खोलीत मोठी माणसं जमली होती. रंजिता झोपेतच गेली होती.

आमच्या पाड्यावर मेलेल्याच्या वस्तू त्याच्याबरोबर मातीत देतात. मलाही द्यायचं ठरलं होतं. पण यामिनी माझ्यावर बसली ती उठेचना. रडून थकलेल्या माणसांनी त्या दिवशी तिला तसंच राहू दिलं.

दिवाळीनंतर बाप तिला शाळेत सोडायला गेला. फाटकातच घंटा ऐकून ती ओकली आणि जमीन धरून बसली. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. मग तिचं बोलणं गेलं, झोप गेली. पाड्यावरची माणसं म्हणू लागली, पेटी दिली नाही, म्हणून थोरली हिला ओढतेय.

जालमसिंगने तिला मोटारसायकलवर घालून नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. तिथे मुलांच्या मनाचं बघणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "पेटी तिच्याकडून काढून घेऊ नका. पुढच्या वेळी पेटीसकट आणा. ती बोलेल, वेळ लागेल."

बापाने, करमसिंगने, हे ऐकून मान फिरवली. "शहराची बाई. तिला आपलं काय ठाऊक?"

आज सकाळी माणसं मला न्यायला आलीच. बाप यामिनीची बोटं माझ्या कडीतून सोडवू लागला. जालमसिंग मध्ये घुसला, बापाला ढकललं. "एक पुरली ना? आता हिला जिवंत पुरता का?" त्याने मला गाडीला बांधलं, तिला पुढे बसवलं आणि निघाला.

दवाखान्यात बाईंच्या दाराला कुलूप आहे.

"मॅडम ट्रेनिंगले गयात, भाऊ. सोमवारे या," शिपाई म्हणाला. मग पेटी कशाला आणली म्हणून माझ्याकडे बघून हसला. "पेटी काब लयनात? मुक्काम करनं शे का आठे?"

"हो," जालमसिंग म्हणाला. "घरी नेली तर पेटी जाईल. पेटी गेली तर ही पण."

शिपायाचं हसू गेलं. तो बाईंना फोन लावायला गेला, अजून आलेला नाही. जालमसिंग भिंतीला डोकं टेकून रडतोय, हुंदका आत दाबून. यामिनी माझ्यावर बसली आहे. तिचे डोळे मिटायला लागले की ती दचकून उघडते. आणि आत्ताच, इतक्या महिन्यांनी, ती बोलली.

"दादा, मी झोपले तर उठवशील ना? मला झोपू नको देऊ."

जालमसिंगने तिला घट्ट धरलंय. त्याला समजावता येत नाही, मला तर तोंडच नाही. बाई, तुम्ही असाल तिथून या. गोधडी तिने मायेने घातली होती, एवढं तिला सांगा. मग मला खुशाल मातीत द्या.