गाडी कोण कोण चालवतं?

विम्याची मुदत शुक्रवारी संपत होती, म्हणून बुधवारी दुपारी तिघं विमावाल्या बाईंसमोर जाऊन बसली. बाबा, आई आणि थोरली मुलगी. मुलगी एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. अर्धा दिवस रजा टाकून आली होती. नखांत गुलाबी मेण अजून तसंच होतं.

बाबांनी बत्तीस वर्षं अँब्युलन्स चालवली होती. आईच्या किडन्या बिघडल्यावर तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं, आणि तेही ड्यूटीसारखंच करत. दहा मिनिटं आधी गाडी दारात उभी.

"थर्ड पार्टीच द्या," बाबा म्हणाले. "दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून मिळालं, बस्स. आमच्या गाडीवर ओरखडासुद्धा नाही."

"पण काका, त्यात काकूंना काही झालं तर काही मिळत नाही. तुम्ही फुल घ्या, वर गाडीत बसणाऱ्यांचं कव्हर जोडा."

"तेच घेऊ," मुलगी पटकन म्हणाली. बाबांनी खांदे उडवले.

बाई फॉर्म भरू लागल्या. गाडी कोण कोण चालवतं? "मीच. क्वचित ही," बाबांनी मुलीकडे बोट दाखवलं. वय? "अडुसष्ट."

"डोळ्यांचा काही त्रास? खरं सांगा हं. इथं लपवलं आणि पुढे निघालं, तर या कागदाचा काही उपयोग नाही."

"ठणठणीत आहेत डोळे," बाबा हसून म्हणाले.

मुलगी नखांतलं मेण कोरू लागली. तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीच बाबांबरोबर गेली होती. काचबिंदू. डाव्या बाजूचं बरंचसं दिसत नाही, गाडी बंद करा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले होते, "आईला बोलू नकोस. तिला काय काळज्या कमी आहेत?" ती गप्प बसली होती. तेव्हापासून आई-बाबा घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत तिचं कामात चित्त लागत नसे.

आत्ताही ती गप्पच राहिली. बोलली असती, तर उद्यापासून आईला नेणार कोण? बाबांनी सही केली.

परतताना आई पुढे, मुलगी मागे. गल्लीच्या वळणावर आई पर्समध्ये गोळी शोधत होती. तेवढ्यात खाडकन आवाज झाला. डावीकडे उभी असलेली पोस्टमनची सायकल आडवी झाली आणि पत्रं रस्ताभर पसरली.

"मध्येच कुठून आणलीस रे ही?" बाबा ओरडले.

"मध्ये कुठे, साहेब? कडेलाच उभी आहे ती. मी आत्ता उतरलो तिच्यावरून." पोस्टमनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझंच चुकलं," आई पुटपुटली. "माझं लक्ष नव्हतं." तिचं काय चुकलं, ते मुलीला कळेना.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या जिन्यात उभं राहून तिने बाईंना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "कागद अजून पुढे गेले नाहीत. पण गाडी त्यांच्या नावावर आहे. नव्या फॉर्मवर सही त्यांचीच लागेल."

संध्याकाळी तिने बाईंकडून आणलेला नवा फॉर्म बाबांपुढे ठेवला. "यात चालवणारी मी एकटीच आहे."

बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "त्या बाईला सांगितलंस?"

"हो."

"चहाडी केलीस."

"केली."

"बत्तीस वर्षं! एका माणसाला धक्का लागला नाही माझ्या हातून!"

"ओरडू नका," आई आतून येत म्हणाली. ती खुर्चीला धरून उभी राहिली. "मला सहा महिन्यांपासून माहीत आहे. डावीकडून स्कूटर आली की 'ती बघा बाई' कोण म्हणतं? मशीनवरून उठल्यावर डोळे उघडे राहत नाहीत माझे. तरी मांडीला चिमटे काढत जागी बसते. आता नाही होत हो माझ्याने."

बाबांनी कागद खाली ठेवला.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "तुला गप्पा मारायच्या असतात."

सही त्यांनी केली, पण मुलीशी बोलले नाहीत. तिने लॅबमध्ये हातापाया पडून संध्याकाळची पाळी मागून घेतली. शनिवारी सकाळी ती स्टिअरिंगवर बसली. बाबा न बोलवता मागे येऊन बसले. आईने पट्टा लावला आणि दुसऱ्या चौकापर्यंत ती झोपलीसुद्धा, तोंड किंचित उघडं टाकून.

हॉस्पिटलच्या फाटकाशी ओळखीचा वॉचमन वाकला. "काय ड्रायव्हरसाहेब, आज मागे?"

बाबांनी काच वर केली. वॉचमन ओशाळून बाजूला झाला. मुलीने गाडी आत घेतली, आणि ती नीट लावायला दोनदा पुढे-मागे करावी लागली. बाबा आधी उतरले आणि आईला उठवायला तिच्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.