मखमलीची बाही

फेरसामना म्हणजे काय, हे मला आमच्या मालकांनी शिकवलं. बरोबरी झाली, पंच चुकला, तर पुन्हा खेळायचं, एवढं शाळकरी पोरांनाही कळतं. आमच्या शिवणकारखान्यात मात्र मालकांचा भाचा हरला की फेरसामना!

थोरले कटिंग मास्तर काम सोडून घरी बसले, तेव्हा त्यांच्या जागेसाठी दोघे उरले. एक माझा नवरा, दुसरा हा भाचा. आमच्याकडची रीत अशी, की दोघांना सारखं कापड द्यायचं. कोट बिनचूक आणि आधी कापेल तो मोठा मास्तर. हे जिंकले. माझ्या मशीनवरून मी स्वतः पाहिलं. आता ह्यांना कुणाच्या हाताखाली राबावं लागणार नव्हतं.

मालक म्हणाले, "छे, कापडच खराब होतं. फेरसामना घेऊ."

"अहो, सरळ नाही म्हणा," मी ह्यांना म्हटलं.

"मी काय घाबरतो का त्याला?" झालं! स्वभावाला औषध नाही.

या खेपेला मखमल होती. मखमलीची लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला हवी, नाहीतर शिवल्यावर एखादी बाही काळपट दिसते आणि कोट फुकट जातो. भाच्यानं नेमकी बाही उलटी आखली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मनात म्हटलं, काप राजा, काप!

त्यानं कात्री उचलली आणि ह्यांनी आपलं काम टाकून शेजारच्या टेबलावर हात लांबवला. त्याच्या खडूच्या रेघा झटकल्या, बाही फिरवून नीट आखून दिली. रोज त्याच्या चुका निस्तरायची सवय ना! तेवढ्यात भाचा पुढे गेला, आणि जिंकला.

मी ताडकन उठले. "हा कसला निकाल? फेरसामना घ्या!"

"हरल्यावर सगळ्यांनाच फेरसामना आठवतो, बाई," मालक हसून म्हणाले. "बसा मशीनवर."

घरी आल्यावर मी विचारलं, "का केलंत असं?"

"अगं, इतकं सुंदर कापड. डोळ्यांदेखत वाया गेलं असतं."

"कापडाची कीव आली. माझी नाही आली?"

माझा नुसता संताप संताप झाला.

सकाळी निरोप आला, नव्या मोठ्या मास्तरांनी ह्यांना लवकर बोलावलंय, आखून द्यायला.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"चुकीचं कापेल गं तो," म्हणाले आणि चपला घालून निघालेसुद्धा.