दोन गावांचा मोठा खडक

आत्माराम तांडेल अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकला आणि पुढची तीन वर्षं एकाच कामाला लागला. नवापूरसमोर पाण्याखाली कुठे खडक आहे, कुठल्या भरतीला जाळं कुठे अडकतं, हे सारं त्याने मच्छीमार सोसायटीच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने उतरवलं. प्रत्येक खडकाची वेगळी फाइल. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

शेजारच्या दांडी गावानेही तसंच केलं होतं, आणि आज त्यांच्या सगळ्या फायली एकत्र बांधलेलं गाठोडं कॉम्प्युटरवर आलं. गाठोडं बांधायला आणि सोडायला सोसायटीच्या चारुताने दोन कमांड लिहिल्या होत्या, ‘बांध’ आणि ‘सोड’. उद्या त्या सहा गावांत जाणार होत्या.

“काका, सोड लिवा आन एंटर मारा. काय विचारत नाय, झटक्यात होतं.”

आत्मारामचं बोट वरच थांबलं. “त्यांचा मोठा खडक हाय, माझाबी मोठा खडक हाय. मग?”

“नाव एकच असंल तर नवी फाइल जुनीच्या जागी बसते.”

“आन जुनी?”

“जाते,” चारुता म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला.

“पोरी, मोठा खडक नाय असं एक गाव दाखव मला.”

डबा घेऊन आलेली त्याची बायको हंसा दारातूनच हसली. “बायको मीठ सांगते ते इसरतो, खडक नाय इसरत. चारू, दुसऱ्या होडीची मासळी आमी आपल्या ढिगावर ओततो काय? येगळी ताडपत्री टाकतो.”

“पण दर वेळी हो-नाय विचारलं तर लोकं वैतागतील, काकी.”

“विचारू नको,” आत्माराम म्हणाला. “प्रत्येक गाठोडं येगळ्या फोल्डरात सोड. त्या नावाचा फोल्डर आधीच असला तर थांब आन सांग. ज्याला जुनं पुसायचंच हाय, त्यानं तसं आपल्या हातानं लिवावं.”

“बांधल्यावर मूळ फायलीबी मी काढून टाकते,” चारुता हळूच म्हणाली. “जागा वाचते म्हणून.”

“गाठोडं धड बांधलंय का, ते कोण बघतं?”

“कोणीच नाय.”

“मग मूळ ऱ्हाऊ दे.”

तिने वीस मिनिटांत दोन्ही बदललं आणि आधी खोट्या फायलींवर चालवून पाहिलं. मग आत्मारामने एंटर मारला. दोन मोठे खडक शेजारी-शेजारी उघडले. त्याचा ओहोटीला दोन हात वर येणारा, दांडीचा कधीच न दिसणारा. बोट फिरवत त्याने दोन्ही मोठ्याने वाचले.

“आता पाठव सहा गावांत,” तो म्हणाला. “आन दांडीला फोन लाव. पाणी किती खोल, ते लिवायला इसरलेत.”