अडतीस जीबीचं गाव

तीन आठवडे त्या ऑफिसात रोज सकाळी एकच प्रकार चालला होता. साडेनऊला माणसं यायची, आपापल्या कॉम्प्युटरवर नाव आणि पासवर्ड टाकायची आणि मग पडद्यावरचं फिरणारं चक्र बघत बसायची. दहा मिनिटं, कधी पाव तास. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ दुसऱ्या मजल्यावर हे क्लिअरिंग एजंटचं ऑफिस. बंदरातल्या मालाचे कागद सकाळी लवकर गेले नाहीत तर कंटेनर दिवसभर अडकून पडायचा. चौदा माणसं खाली जाऊन चहा पिऊन यायची, तरी चक्र फिरतच असायचं.

"सर्व्हर म्हातारा झालाय, नवीन घ्या, असं सांग आणि मोकळी हो," कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीतला समीक्षाचा साहेब फोनवर म्हणाला. पण समीक्षा भोईरला तसं मोकळं होणं जमत नसे. बारा वर्षं ती हेच काम करत होती; कारण सापडल्याशिवाय तिला जेवण गोड लागायचं नाही.

पहिल्या दिवशी तिने केबली बदलून पाहिल्या, प्रत्येक मशीनचं सेटिंग तपासलं, अँटिव्हायरस बंद करून पाहिला. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी ती आठ वाजताच आली. ऑफिसात झाडू मारणाऱ्या सोनाबाईंशिवाय कुणी नव्हतं. समीक्षाने एका मशीनवर लॉगिन केलं. वीस सेकंद! दुसऱ्यावर केलं. अठरा. म्हणजे सर्व्हर धडधाकट होता. जे काही होत होतं ते माणसं आल्यावर होत होतं.

ती सर्व्हरच्या खोलीत स्टूल घेऊन बसली. नऊ वीसला जिन्यावर पावलं वाजली. काशिराम घरत, इथले सगळ्यात जुने क्लार्क, रोज सगळ्यांच्या आधी यायचे. त्यांनी लॉगिन केलं आणि समीक्षाच्या समोरचा, सर्व्हरवरचा ताण दाखवणारा आलेख एका दमात माथ्याला जाऊन टेकला. मग एकेक जण येत गेला आणि काशिरामांच्या मागे रांगेत अडकत गेला.

या ऑफिसात प्रत्येकाचा डेस्कटॉप सर्व्हरवर ठेवलेला असे. सकाळी तो मशीनवर उतरायचा, संध्याकाळी परत चढायचा आणि मशीनवरची प्रत पुसली जायची. बाकीच्यांचा डेस्कटॉप मूठभर होता. काशिरामांचा अडतीस जीबी होता.

ती त्यांच्या टेबलापाशी गेली. "काका, डेस्कटॉपवर काय ठेवलंय एवढं?"

काशिरामांनी चष्मा काढला. "फोटो हायत मॅडम. गावचे. घरचा कॉम्प्युटर बंद पडायला आलता, म्हणून तीन आठवड्यांमागं इथं आणून ठेवले. माझ्यामुळं होतंय का हे सगळं?"

"हो काका."

ऑफिसचा कारभार बघणाऱ्या हेतल मॅडमना सांगणं भाग होतं. समीक्षाने सरळ सांगितलं. हेतल मॅडम चिडल्याच. "पर्सनल फोटो? सर्व्हरवर? आजच्या आज उडवा ते."

काशिराम दारातच उभे होते. त्यांनी वाद घातला नाही, कुणाची माफीही मागितली नाही. फक्त समीक्षाकडे बघून हळूच विचारलं, "डिलीट केलं म्हणजे परत नाय ना येणार?"

हेतल मॅडमनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. समोरचा कागद त्यांनी उगाच सरळ केला आणि म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत हलवा. कुठेही हलवा."

समीक्षाने बॅगेतली आपली हार्ड डिस्क काढली आणि कॉपी करायला लावली. वेळ लागणार होता. ती काशिरामांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. फोल्डरांना नावं होती: 'देवळामागची घरं', 'खाडीकडची आळी', 'मिठागर', 'उघाडीचा बांध'. गाव विमानतळासाठी उठणार हे नक्की झालं, तेव्हा काशिरामांनी कॅमेरा घेतला होता आणि शेवटच्या दोन महिन्यांत रविवारी रविवारी एकेक घर टिपलं होतं. दारात घरची माणसं उभी करून. चार हजार फोटो आणि काही व्हिडिओ.

"तुमी भोईर म्हणजे कुठल्या?" त्यांनी विचारलं.

"आम्ही रोडपालीला राहतो. बाबांचं गाव उरणकडे. आई मात्र..." समीक्षा थांबली. सगळ्या फोल्डरांच्या वर लिहिलेलं गावाचं नाव तिने आता नीट वाचलं. "आई तुमच्याच गावची, काका. चंद्रावती. धर्मराज म्हात्र्यांची मुलगी."

"धर्मराजची चंदी?" काशिराम खुर्चीत सरसावून बसले. "अगं, मिठागरात पाटी घेऊन आमच्या पुढं धावायची ती! पोरी, आदी नाय का सांगायचं?"

खाडीकडच्या आळीत चौदाव्या फोटोत आजोळचं घर होतं. हिरवं अर्धं दार, बाहेर पालथी घातलेली होडी, ओट्यावर चादरीसारखा पसरून वाळत घातलेला जवळा. समीक्षा सात-आठ वर्षांची असताना मे महिन्यात तिथे राहायची. भरती आली की बांधाच्या उघाडीतून, पाण्यासाठी ठेवलेल्या दारातून, पाणी खळाळत आत यायचं. मामा चिंबोरी-खेकडे पकडून तिच्या पायाशी सोडायचा आणि ती किंचाळत ओट्यावर चढायची. हे सगळं आपल्याला आठवतंय, हेच तिला इतकी वर्षं आठवलं नव्हतं.

तिने फोटो आईला पाठवला. लगेच फोन आला. आई म्हणाली, "अजून आहेत?"

दुसऱ्या दिवशी ऑफिस नऊ चाळीसला कामाला लागलं होतं. सगळ्यांचं लॉगिन अर्ध्या मिनिटाच्या आत. हेतल मॅडमनी समीक्षाला चहा पाजला आणि काशिरामांकडून सगळं कळल्यामुळे न मागता म्हणाल्या, "शनिवारी हाफ डे आहे. तुमच्या आईंना दुपारी घेऊन या. इथल्या मोठ्या स्क्रीनवर बघू देत."

शनिवारी चंद्रावती रोडपालीहून रिक्षाने आली. इस्त्रीची साडी, हातात पर्स. जिन्यात ती समीक्षाला म्हणाली, "मी फार वेळ बसणार नाही हं, त्यांना उगाच त्रास नको."

काशिरामांनी हार्ड डिस्क लावली. पहिली दहा-बारा घरं चंद्रावतीने हाताची घडी घालून पाहिली. मग एका फोटोवर ती पुढे वाकली.

"ही कृष्णाबाई नाय," ती म्हणाली. "तुमी नाव चुकीचं टाकलंय दादा. ही तिची जाव. कृष्णाबाईच्या कपाळावर गोंदण व्हतं."

"खरं की काय?" काशिरामांनी लगेच नाव बदललं.

"आनि ही उघाडी बगा. हितं चिखलात आमी निवट्या मासळी पकडायचो. एकदा माजा पाय रुतला तवा तुमीच वडलंत मला, आठवतंय का?"

समीक्षा मागे उभी राहून ऐकत होती. आईची ही बोली तिने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगला आई मैत्रिणींसमोर 'आमी' आणि 'हाय' म्हणाली, तेव्हा समीक्षा घरी येऊन रडली होती. त्यानंतर घरात तसं बोलणं हळूहळू बंदच झालं. आज ते एकेक करून बाहेर येत होतं, आणि आईचा आवाजही बदलला होता. मोठा, मोकळा, थोडा भांडखोर.

दोघं आता एका व्हिडिओवर वाद घालत होती. मिठाच्या राशीपाशी डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी ओरडत होती.

समीक्षा स्टूल ओढून दोघांच्या मधे बसली. तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"आई, ही कोण हाय?"

चंद्रावतीने वळूनही पाहिलं नाही. "ही? ही आमच्या आळीतली सगळ्यात तिखट बाई. थांब, सांगते तुला," ती म्हणाली, आणि पर्स टेबलावर ठेवून खुर्चीत मांडी घालून बसली.