शिंपीकाकांच्या घरातला पृथ्वीगोल

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या घरातला पृथ्वीगोल. आता म्हातारा झालोय, कण्याचा खिळाही कुरकुरतो. पण ही गोष्ट सांगायची म्हटली की अजून गरगर फिरावंसं वाटतं!

कारखान्यात माझ्यावर समुद्र चिकटले, देश चिकटले आणि मी ऐटीत या घरी आलो. शिंपीकाकांची लेक मला जोरात फिरवायची, डोळे मिटून बोट ठेवायची आणि ओरडायची, "आई, मी इथे जाणार!" आणि खरंच गेली की हो! पार लांबच्या शहरात, नवऱ्याबरोबर. मग मला कोण विचारतो? काका नव्या टोप्या माझ्या डोक्यावर चढवून आकार बघायचे. मला फार वाईट वाटायचं.

एके दुपारी जावयाचा फोन आला. बाळ दिवस भरायच्या आधीच येणार होतं, कदाचित उद्याच. लेक घाबरली होती, सारखी आईला बोलावत होती. तिकीटवाल्या बाईंनी दोन विमानं सांगितली. एक थांबत थांबत दीड दिवसाने पोचणारं. दुसरं थेट, उत्तरेच्या बर्फावरून जाणारं, पंधरा तासांचं, पण त्यात एकच जागा उरलेली.

काकांनी भिंतीवरच्या नकाशाला टेप लावली. "हे थेट कसलं? वर बर्फावरून जातंय, केवढा वळसा! पंधरा तास म्हणे. अगं, मीपण गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' सांगतो आणि आठवड्याने देतो. सगळ्या थापा! त्यापेक्षा ते दुसरं बरं, नाकासमोर जाणारं."

मी टोपीखाली नुसता तळमळत होतो. अहो, मला विचारा ना!

तेवढ्यात काकूंनी माझ्यावरची टोपी उचलून भिरकावली. "अहो, पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाचं माप टेबलावर टेप पसरून घेता का? पृथ्वी गोल आहे ना?" त्यांनी दोऱ्याचं एक टोक आपल्या शहरावर धरलं, दुसरं लेकीच्या, आणि दोरा ताणला. तो सर्रकन सरकला आणि बर्फावर जाऊन बसला! तेवढाच दोरा दुसऱ्या वाटेने लावला, तर पुरेचना.

काकांनी कपाळावर हात मारला. "फोन लाव, आधी फोन लाव! जागा जाईल!"

जागा मिळाली. काकू पोचल्या आणि त्यानंतर थोड्याच वेळात नात जन्मली. फोनवर तिचं ट्यांहां ऐकताना काकांनी मला मांडीवर घेतलं होतं. अंगठा इकडे, करंगळी तिकडे. "वीतभर तर आहे गं, वीतभर!" म्हणत ते हसत होते आणि रडतही होते. मित्रांनो, आनंदाने मी फुटायचाच बाकी होतो!

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला अडगळीत टाकू नका. लांब गेलेल्या माणसावर हात ठेवायला घरात एक जागा असावी. काका आता रोज सकाळी मला फडक्याने पुसतात. लेकीच्या शहराजवळ आले की मात्र हात अगदी हलका करतात. तिकडे तेव्हा रात्र असते आणि नात झोपलेली असते.