जाजमावरची चौथी जागा

ज्यांना जन्मात लंगोट कसता आला नाही, तेच लोक कुस्तीवर सगळ्यात जास्त बोलतात. माझं भाजीचं दुकान अकोल्याच्या कापूसबाजाराच्या तोंडाशीच होतं, त्यामुळे हे मी खात्रीने सांगते.

त्या सालात सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली होती. कोणाची कोणाशी, ते आम्हाला माहीत नव्हतं. पण तिच्यापायी आमच्या वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्यांच्या पायात कधी जोडा नव्हता ते लोडाला टेकून पान खाऊ लागले. आणि पोट भरलं की माणसाला मतं सुचतात. त्या हिवाळ्यात सगळ्या बाजाराची मतं एकाच गोष्टीवर होती: माझा नवरा खरा पहेलवान आहे की नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणतात, आणि नवऱ्याने घेतलं की बायकोचं. उखाण्यातसुद्धा मी ते ओठातल्या ओठात उरकत असे. घरात 'अवो' म्हटलं की भागायचं. बाजार मात्र त्यांना 'गठाण' म्हणायचा.

त्याचं असं होतं, की हे एका शेठच्या वखारीत रुई तुडवायचे. तागाचा माणसापेक्षा उंच बोरा लाकडी चौकटीला टांगायचा, माणूस आत उतरवायचा आणि वरून रुई टाकत जायचं. आतल्या माणसाने ती पायाने दाबत राहायचं. जसजशी रुई चढेल तसतसा माणूस वर येतो. माझ्या नवऱ्याएवढं जड माणूस अख्ख्या अकोल्यात नव्हतं, म्हणून त्यांनी दाबलेली गठाण, म्हणजे रुईने ठासलेला बोरा, सगळ्यात घट्ट. नाव पडलं ते तिथून.

आणि खरं सांगायचं तर कुस्तीही ते तशीच खेळायचे. सलामी झाली की थोडी झोंबाझोंबी करायची आणि मग मातीत पालथं पडून राहायचं. समोरचा उलथवायला बघायचा. ओढायचा, ढकलायचा, मानेखाली हात घालायचा. हे ढिम्म हलायचे नाहीत. तो दमून धापा टाकू लागला की हे सावकाश उठायचे, त्याला खाली घ्यायचे आणि वर बसायचे. झाली कुस्ती. अशाने ते तेल्हाऱ्याला जिंकले, बाळापूरला जिंकले, एकदाही हरले नाहीत. पण बघणाऱ्यांना जांभया यायच्या, हेही खरं.

पातूरच्या जत्रेत आखाड्याच्या कडेला एक जाजम अंथरतात. त्यावर फक्त चार पहेलवान बसतात. ते मानाचे. बाकी सगळे मातीत. त्या साली एक म्हातारे पहेलवान वारले आणि जाजमावरची चौथी जागा रिकामी झाली. ती गठाणला द्यायची की नाही, यावर माझ्या वांग्यांसमोर रोज पंचायत भरू लागली.

"हारला नाई ना तो अजून?" एक म्हणायचा.

"पन कोनासंग लढला, ते पाहा ना गा!" म्हणणारे होते मूळचे तेल्हाऱ्याचे भगवंतराव. कापसावर नव्याने गब्बर झालेले, डोक्याला जरीचा फेटा. "तेल्हाऱ्याचा तो बुढा झाला होता. बाळापूरवाल्याले ताप होता. अशायले कोनीबी पाडते."

"भगवंतराव, तुमी पाडसान का?" मी विचारलं.

"मी कायले पाडू वं? मी समजदार मानूस हावो." असं म्हणून त्यांनी माझे मुळे हातात घेऊन बघितले आणि न घेता परत ठेवले. "त्याच्यापाशी डाव नाई, पेच नाई. नुसतं वजन हाये. वजनाले जर मान द्यायचा तं जाजमावर माह्या म्हशीले बसवा."

सगळे खो खो हसले. मी त्या दिवशी भगवंतरावांच्या घरी जायच्या वांग्यांत किडकी निवडून निवडून घातली, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर मी तणतणत भाकरी थापत होते. हे पाटावर बसून शांतपणे जेवत होते. राग त्यांना यायचाच नाही. तो सगळा देवाने माझ्या वाट्याला दिला होता.

"ते म्हनतात ते खोटं नाई वं," हे म्हणाले. "मले डाव येत नाई."

"मंग कायले पाह्यजे ते जाजम? फाटकं तं हाये."

त्यांनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "मी दिवसभर बोऱ्यात असतो. कोनाले दिसत नाई. बोरा भरत आला का तवा डोकं तेवढं वर येते, अन् मंग दुसरा बोरा. एक डाव चारचौघायत बसाव वाटते. लोकायनं पाहाव, का हा मानूस हाये."

माझ्या तव्यावरची भाकरी करपली. एवढा डोंगरासारखा माणूस, आणि त्याला वाटत होतं की आपण कोणाला दिसत नाही. त्या घडीपासून ते जाजम मला त्यांच्यापेक्षा जास्त हवं झालं.

शेवटी पातूरच्या खुशालराव पाटलांनी तोड काढली. आखाड्याचे पंच तेच होते. त्यांनी निरोप धाडला, "अंजनगावच्या नत्थुजीसंग जोड लावतो. जिंकला तं बसवू. पन एक गोष्ट. पालथं पडून राहायचं नाई. पडून राहाला तं गठाण, उठून लढला तं पहेलवान."

नत्थुजी म्हणजे जाजमावरचा पहिला मान. चपळ असा, की बघता बघता माणसाच्या पाठीमागे दिसायचा. बाजारात पुन्हा कोणी वाद घातला नाही. निकाल लागल्यासारखे सगळे माझ्याकडे कीव करत बघू लागले, आणि ते मला जास्त झोंबलं.

जत्रेच्या दिवशी आम्ही छकडा जुंपून पातूरला गेलो. मारुतीचा आखाडा, तिथे बाईमाणसाने जवळ जायचं नाही. पण दूरवर छकड्यांची रांग लागते आणि बायका त्यावर उभ्या राहून बघतात, त्याला कोणी हरकत घेत नाही. मी भाजीच्या टोपल्यांत उभी होते. शेजारी माझ्या सासूबाई, पार्बताबाई. त्यांनी डोळे मिटून मारुतीला नवस बोलायला सुरुवात केली होती.

"आत्याबाई, डोये उघडा. सुरू झाली."

"तूच पाह्य. मले सांग."

सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं. नत्थुजी भोवऱ्यासारखा फिरत होता आणि हे जागच्या जागी वळून त्याला शोधत होते. त्याने पाय घातला, हे गुडघ्यावर आले. तो पाठीमागून आला, कमरेला मिठी घातली आणि हे धप्पकन पालथे पडले. पडले ते पडलेच. नत्थुजी पाठीवर बसला. यांनी दोन्ही हात पसरले, गाल मातीला टेकवला आणि अगदी ओळखीच्या बिछान्यावर पडावं तसे स्वस्थ झाले.

"गठाण! गठाण!" लोक ओरडू लागले. भगवंतरावांचा जरीचा फेटा सगळ्यांत वर उडत होता. खुशालराव पाटील खाटेवरून उठले. ते काय बोलणार, हे सगळ्या जत्रेला ठाऊक होतं.

मला वाटलं, हा माणूस आता जन्मभर बोऱ्यात राहणार. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही राहिलं नाही. मी टोपलीवर पाय दिला आणि छातीतला सगळा वारा लावून ओरडले, "ए शालिकराम! ऊठ!"

नुसतं नाव नाही. वर 'ऊठ'!

छकड्यांवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आखाड्यातल्या ढोलवाल्याचा हात थांबला. सासूबाईंचे डोळे आपोआप उघडले. आणि तिकडे आखाड्यात यांनी मान वर केली. चेहरा असा झाला होता, की जणू कोणी त्यांना झोपेतून नाही, मेलेल्यातून उठवलं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या तोंडून त्यांना अशी हाक कधी आली नव्हती.

ते उठले. गुडघ्यावर आले, मग एक पाय रोवला, मग दुसरा. नत्थुजी पाठीवरच होता. उतरायला त्याला वेळच मिळाला नाही; गळ्याला मिठी मारून तो वर वर जात राहिला. हे सरळ उभे राहिले आणि छकड्यांकडे बघू लागले. मी कुठे आहे, ते शोधत होते.

आता पुढे काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. यांना तर नाहीच नाही. त्यांना डाव येत नव्हता. पण पाठीवर ओझं असलं की ते कसं उतरवायचं, हे वखारीतल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. त्यांनी खांदा खाली केला, अंग वळवलं, नत्थुजीला पाठीवरून पुढे घेतलं आणि मातीत नीट, हळू, न आपटता ठेवून दिलं. पाठीवर. दोन्ही खांदे टेकवून.

नत्थुजी आभाळाकडे बघत पडला आणि मग हसायला लागला.

असा गलका झाला की बैल बुजले. पण भगवंतराव कसले ऐकतात! ते आखाड्याच्या काठावर येऊन दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा! हा डाव कोनता? हे तं हमाली हाये! अन् हा बाईच्या हाकेनं उठला. इतके जन लढले, पन बायकोले आवाज द्याले लावून कोनी जिंकलं का?"

आणि लोक लगेच दोन बाजूंना झाले. काही म्हणाले खरं आहे, आखाड्यात बाईचा आवाज आला, कुस्ती बाद. खुशालराव पाटील मिशी चावू लागले. मी त्यांना उठवलं होतं, आणि आता माझ्याच हाकेपायी त्यांची जागा जाणार होती.

"काहून ओरडली वं तू?" सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात नत्थुजी अंगावरची माती झाडत उठला. "पाटील, वाद तुमी घाला," तो म्हणाला. "पन मातीले पाठ माही लागली. भगवंतरावाची नाई. माही बायको रोज सकाळी हाका मारते, मी खाटेवरून बी उठत नाई. हा मले पाठीवर घेऊन उठला. आता याले पहेलवान नाई म्हनायचं तं मी कोन झालो?"

पाटील हसले, आणि पाटील हसल्यावर भगवंतरावांनाही हसावं लागलं. "बसवा," पाटील म्हणाले.

नत्थुजीने स्वतः सरकून जागा केली. हे जाजमाजवळ गेले, पाय पुसले आणि संकोचून अगदी कडेला बसले. मग पाटलांनी त्यांच्या हातात नारळ दिला. जाजमावर नवा बसणारा नारळ घेऊन उभा राहतो आणि ज्याने आपल्याला घडवलं त्या वस्तादाचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतो. मगच तो बसलेला धरतात.

"बोल गा, वस्ताद कोन तुहा?" पाटलांनी विचारलं.

हे उभे राहिले. इतका मोठा माणूस, हातात नारळ, अंगभर माती, सगळी जत्रा त्यांच्याकडे टक लावून. यांना वस्ताद नव्हता. कोणाचंही नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. अकोल्याच्या कोणत्याही म्हाताऱ्या पहेलवानाने आनंदाने मान डोलावली असती. पण यांना खोटं बोलता येत नाही. ते नारळ या हातातून त्या हातात घेत राहिले. लोक कुजबुजू लागले. यांनी पुन्हा एकदा छकड्यांच्या रांगेकडे बघितलं, आणि या वेळी मी त्यांना सापडले.

"तानूबाई!" ते ओरडले.

बायकोचं नाव. भर जत्रेत, मारुतीसमोर, जाजमावर उभं राहून. कोण हा तानूबाई वस्ताद, म्हणून लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग कोणीतरी आमच्या छकड्याकडे बोट दाखवलं आणि अख्खी जत्रा माझ्याकडे वळली. मी टोपल्यांच्या मागे बसकण मारली, पदर तोंडावर ओढला, आणि हसू येतं आहे की रडू, ते मलाच कळेना. दोन्ही येत होतं.

पदराबाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "तुनं त्याचं आयुष्य घटवलं, त्यानं तुह्यं. आता दोघंबी बराबर जासान." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ऊठ वं तानू. तो पाहून राहिला तुह्याकडे."