एव्हान्थियाबाईंचा गडगा

घरात खोकी वाढत चालली तसं लुआनचं पाऊल घरात ठरेनासं झालं. शनिवारी सकाळी धाकटा भाऊ बार्धुल गाडी घेऊन येणार, सामान भरणार, आणि ग्रीसमध्ये सव्वीस वर्षं काढून लुआन आणि त्याची बायको मिमोझा अल्बानियाला, कोर्चाजवळच्या आपल्या गावी कायमचे परतणार, हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. ठरवलं होतं लुआननेच. आणि आता मिमोझा भांडी कागदात गुंडाळायला बसली, की हा दार ओढून बाहेर.

"कुठे निघालास?"

"येतो जरा."

"चिकटपट्टी संपलीय, तेवढी आण."

तीनदा तो चिकटपट्टी आणायला गेला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परत आला.

बाहेर जाऊन तो भिंती बघत हिंडायचा. पेलिओनच्या उतारावरचं ते ग्रीक गाव म्हणजे एकाच्या डोक्यावर दुसरं घर. माती धरून ठेवायला पावलापावलावर दगडी गडगे, आणि त्यातले निम्मे लुआनच्या हातचे. कुठे तळवा टेकवून बघ, कुठे सुटलेली दगडाची चीप अंगठ्याने आत दाब, असं त्याचं चाललेलं असायचं. कॉफीचं दुकान चालवणारा पाव्ह्लोस आतून ओरडायचा, "लेफ्तेरी, अरे माणसांचा निरोप घे आधी, मग दगडांचा!"

गावात त्याला लुआन कुणी म्हणतच नसे. डोंगर ओलांडून, कागदपत्रांशिवाय तो इथे पोचला, तेव्हा त्याला पहिलं काम देणारा स्तामातिस म्हणाला होता, "लुआन-बिआन माझ्या जिभेवर बसायचं नाही. तू लेफ्तेरिस." तेच चिकटलं, हाकेला लेफ्तेरी. तिकडे गावी फोन केला, की बार्धुल आईला हाक मारून सांगायचा, "फोनवर आपला ग्रीक आहे गं!" थट्टाच ती. पण फोन ठेवल्यावरही कुसळासारखी टोचत राहायची.

मुलगी एलोना खाली व्होलोस शहरात औषधाच्या दुकानात नोकरीला होती. ती काही येणार नव्हती. "बाबा, तुम्ही जा. मी काय सहा वर्षांची आहे?" असं म्हणाली आणि आईला बिलगून अर्धा तास रडली.

मंगळवारी असाच भटकत तो एव्हान्थियाबाईंच्या परसाखाली आला आणि थबकला. बाई म्हणजे स्तामातिसची विधवा. ऐंशी उलटलेल्या, जिभेला धार तशीच. त्यांच्या चेस्टनटच्या झाडाखालचा गडगा मधोमध फुगला होता. तो लुआनने बांधलेला पहिलाच गडगा.

"काय बघतोस रे?" वरून आवाज आला.

"गडग्याला पोट सुटलंय, बाई."

"मलाही सुटलंय. मला पाडतोस का?"

"दोन मोठे पाऊस झाले की खाली येईल हा. झाडासकट."

"शनिवारी चाललास ना तू? व्होलोसचा कुणीतरी पोरगा बोलावीन. सिमेंट ओतून जाईल."

"सिमेंटमागे पाणी साचतं. आणखी लवकर पडेल."

"मग?"

"मग काही नाही," लुआन म्हणाला, आणि वरच्या थरातला पहिला दगड उचलून त्याने बाजूला ठेवला.

संध्याकाळपर्यंत अर्धा गडगा जमिनीवर आला होता. घरी तो काही बोलला नाही. गावात अशी गोष्ट लपते थोडीच! बुधवारी सकाळी मिमोझाच तिथे येऊन उभी राहिली. हातात चिकटपट्टी, तिने स्वतःच विकत आणलेली.

"हे किती दिवसांचं काम आहे?"

"सात. फार तर आठ."

"आणि शनिवारला किती राहिलेत?"

 लुआनने छन्नी उगाच दगडावर घासली.

"लुआन, तुला यायचं नसेल तर तोंडाने सांग. गडगे कसले पाडतोस? तुझी आई गेला महिनाभर रोज उंबऱ्यात येऊन बसते. बार्धुलने घराला रंग दिलाय."

"मला यायचंय."

"मग?"

"मला यायचंय आणि..." पुढचं त्याला सापडेना. "तिकडे मी करणार काय, मिमोझा? आपलं घर बांधलं तेसुद्धा दुसऱ्या गवंड्यांनी. मी इथे लोकांचं बांधत होतो. तिकडे माझ्या हातचा एक दगड नाही."

 मिमोझा म्हणाली, "बरं. मी शनिवारी जाते बार्धुलबरोबर. तू तुझं बाळंतपण आटोपून ये. पण आलाच नाहीस तर मी न्यायला येणार नाही, हे लक्षात ठेव."

ती खरंच गेली. बार्धुलने गाडीचं दार लावताना भावाची थट्टा केली नाही, तेच लुआनला जास्त लागलं.

रविवारी तो पायापर्यंत पोचला आणि आपलीच जुनी चूक त्याच्या पुढ्यात उघडी पडली. लांब दगड आत रुतवायचे सोडून त्याने दर्शनी बाजूला आडवे मांडले होते. दिसायला देखणे, धरायला निकामी. आतला भराव तर नुसती माती. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. स्तामातिसला त्याने सांगितलं होतं, 'मी कोर्चाचा गवंडी, बापजाद्यांपासूनचा धंदा.' प्रत्यक्षात तो गावच्या शाळेत भूगोल शिकवायचा. ही थाप मिमोझा सोडून कुणालाच ठाऊक नव्हती.

एव्हान्थियाबाई कॉफी घेऊन आल्या, पायाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "येतच नव्हतं तुला."

"काय?"

"बांधायला. स्तामातिस पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, हा माणूस हातोडा खडूसारखा धरतो. मास्तर असणार."

लुआन कप हातात तसाच धरून राहिला. "मग ठेवलं कशाला मला?"

"मी म्हटलं होतं, हाकल. तो म्हणाला, पडला गडगा तर पडू दे. रोज खालच्या गावच्या मिस्त्र्याकडे पाठवतो, शिकेल. आठवतं का, तुला दगड आणायच्या निमित्ताने तिकडे पाठवायचा? दगड काय इथे नव्हते?"

लुआनला आठवलं. तो म्हातारा मिस्त्री, त्याचं 'बस, बघ' म्हणणं, दगड द्यायला कधी उगाच लावलेला उशीर. सव्वीस वर्षं तो समजत होता, की आपण सगळ्यांना चकवून धंदा चोरून शिकलो.

"कधी बोलला नाहीत तुम्ही."

"तू कुठे बोललास? कॉफी निवतेय."

त्या दिवशी मात्र त्याच्याकडून दुसरं काही काम झालं नाही. दगड उचलायचा, फिरवायचा, परत ठेवायचा. सोमवारपासून हात चालायला लागले. या वेळी त्याने आरपार जाणारे लांब दगड घातले, मागे खडी भरली, ओळंब्याची दोरी पुन्हा पुन्हा सोडून पाहिली. बुधवारी दुपारी शेवटचा थर बसला. बाईंनी वरून काठीने गडगा ठोकून पाहिला आणि म्हणाल्या, "लुआन म्हणायचं ना तुला? जीभ वळतेय की माझी." मग घरात निघून गेल्या आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी तो बसने निघाला. डुलकी लागत नव्हती, खिडकीबाहेर बघवत नव्हतं. सीमेवर सगळे उतरले तेव्हा तो विनाकारण दोनदा रांग सोडून बाहेर आला आणि दोनदा परत शेवटी जाऊन उभा राहिला.

घरी आई उंबऱ्यातच होती. तिने त्याचे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि गालाला लावले. मिमोझा आत स्वयंपाकघरात बसली होती. भोवती खोकी तशीच बांधलेली, पायात बाहेरचे बूट.

"उघडली नाहीस?"

"तुझी वाट बघत होते."

"खोटं बोलू नकोस."

तिने एका खोक्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडली. "शेजारची आली होती काल गरम लाक्रोर भाजून घेऊन. म्हणाली, किती दिवस आहात? मी म्हटलं, दोन आठवडे." तिने मान वर केली. "सुट्टीला आल्यावर सांगतो तसं आपोआप आलं तोंडातून, लुआन. सासूबाईंनी ऐकलं."

लुआनला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. तो तिच्यासमोर खाली बसला आणि एकेक करून तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बाहेर आई कुणाला तरी मोठ्याने सांगत होती, माझा लुआन आलाय म्हणून.